सावलीच्या कोपरावर पाय

पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी, म्हणजे करीच्या दुपारी, आभाळ गच्च भरलेलं असताना आमच्या गावातून एका म्हाताऱ्या माणसाला उचलून नेलं. दिल्लीत झेंडा चढून तेव्हा काही आठवडेच झाले होते. आमच्या परभणी जिल्ह्यात अजून निजामाचाच अंमल होता. नेलेला माणूस जात्यांना टाकी लावणारा पाथरवट. आरोप असा की हा पोरांना लाठी चालवायला शिकवतो. साफ खोटं. ते पोरांना इटी-दांडू शिकवत होते. एवढं आधीच सांगून टाकतो. पुढे मी जे लिहिणार आहे त्यातलं काही तुम्हाला पटणार नाही, मलाही पटत नाही. पण हे एक पक्कं धरा आणि मग वाचा.

आम्ही त्यांना आबा म्हणायचो. खरं नाव कोणालाच माहीत नव्हतं. कोणी विचारलंही नाही. हा आमचा पहिला गुन्हा.

दांडू शिकवणारा माणूस कुठे उभा राहील? पोराच्या समोर, नाहीतर बाजूला. आबा पोराच्या सावलीपाशी उभे राहायचे. मान खाली, हात पाठीशी. पोराकडे ढुंकून बघायचे नाहीत. सावलीच्या हातातला दांडू वर जायला लागला की आबा पुढे सरकायचे आणि सावलीच्या उजव्या कोपरावर पायाचा अंगठा टेकवायचे.

"आता मार."

पोरगं दांडू फिरवायचं.

"आरं, कोपर कुटं पळायलंय तुझं? म्या पाय ठिवलाय न्हवं त्याच्यावर?"

मी आज शास्त्र मानणारा माणूस आहे. अंगात येणं, भानामती असल्या गोष्टींविरुद्ध मी स्वतः पत्रक लिहून वाटलं आहे. तरी लिहितो: आबांचा अंगठा सावलीवर टेकला की इकडे आपल्या कोपराला कळायचं. दुखायचं नाही. कोणीतरी दोन बोटांनी, फार जोर न करता धरून ठेवल्यासारखं वाटायचं, आणि कोपर आपोआप बरगडीला येऊन चिकटायचं. आमच्या गावात माझ्या वयाच्या कोणालाही विचारा. तो आधी हसेल. मग उजवं कोपर चोळेल.

आबांचा धंदा टाकीचा. जातं दळून दळून गुळगुळीत झालं की दाणे नुसते घरंगळतात. मग छिन्नीने त्याच्यावर बारीक खाचा पाडून घ्याव्या लागतात. पाठीवर टोपली, टोपलीत एक हातोडी आणि तीन छिन्न्या, एवढ्यावर आबा पेडगावापासून पालमपर्यंत हिंडायचे. मुक्काम मात्र आमच्या गावात, चावडीमागच्या पडवीत. आमचं गाव चुडाव्याच्या स्टेशनापासून दोन कोस आत. गाडीची शिट्टी ऐकू येते, गाडी दिसत नाही.

दगडाची कपची उडून त्यांचा एक डोळा कधीच गेला होता. दुसऱ्याला उजेड सोसत नव्हता. वर बघितलं की घळाघळा पाणी यायचं, म्हणून मान कायम खाली. माणसाचं तोंड त्यांना धड दिसायचं नाही. पांढऱ्या जमिनीवरचं काळं तेवढं दिसायचं. गावातली सगळी माणसं ते जमिनीवरून ओळखत.

आमच्या शेजारच्या गयाबाईचं आणि त्यांचं कायम वाजायचं. गयाबाई एकटीच राहणारी, वयाने आबांच्या बरोबरीची, तोंडाने फटकळ. ती दारात येऊन उभी राहिली की आबा उंबऱ्याबाहेर पडलेल्या तिच्या सावलीशी बोलायला लागायचे.

"गयाबाई, तू डाव्या अंगावर झुकून दळायलीस. म्हनून जातं एकाच बाजूनं झिजलंय."

"मी दळताना तुमी कवा बगितलं हो?"

"आत्ता दारात हुबी हाईस तर झुकलीस. दळताना काय सरळ व्हनार हाईस?"

"तोंडाकडं बगून बोला की जरा! मानसासारकं!"

"तोंडाचं काय, ते कसंबी करता येतंय. हिला न्हाई करता येत."

गयाबाई शिव्या देत आत जायची. पण आत जाताना सरळ होऊन जायची, हे मी माझ्या डोळ्यांनी बघितलेलं आहे.

शिकवणी खळवाडीत चालायची. मळणीनंतर खळवाड रिकामी पडते, आणि तिथली जमीन पांढऱ्या मातीने, शेणाने धोपटून भाकरीच्या तव्यासारखी सपाट केलेली असते. आम्ही एकदा हट्ट धरला होता की रानात खेळू, तिथे टोला लांब जातो. आबा रानाच्या बांधापर्यंत आले आणि थांबले.

"काळीत न्हाई जमायचं. काळीत ती बुडती."

"कोन बुडती आबा?"

आबा मागे वळले. आम्ही परत खळवाडीत आलो, आणि येताना कोणी कोणाच्या मागे चालायला तयार होईना.

माझी खोड वेगळी होती. कोपर ठीक, मान उडायची. इटी टोकावर ठोकून उडवली, दांडू फिरवला, की टोला लागायच्या आधीच मी मान वर करून इटी कुठे गेली ते बघायचो. त्यामुळे टोला टोकाला लागायचा आणि इटी बाजूच्या काटेरी कुंपणात. आबांनी काय केलं, तर इटीच्या खाली जमिनीवर जोंधळ्याचा एक दाणा ठेवला.

"टोला मारल्यावर मला सांगायचं, ह्या दान्याचं त्वांड कुनीकडं हाय."

मी मारायचो, आणि दाणा बघायला विसरायचो. आठ दिवस हेच. नवव्या दिवशी मी दांडू फिरवला, नजर खालीच, आणि बघितलं: दाण्याचं काळं टोक माझ्याकडे.

"माझ्याकडं हाय आबा!"

"आन इटी?"

"इटी... म्या न्हाई बगितली."

"तिला जाऊ दे की. गेल्यावर जाईल ती कुटं जायची तिथं." मग त्यांचं नेहमीचं वाक्य, जे दिवसातून पन्नासदा यायचं: "मार न्हाई, सोड."

हे ते दगडावरून शिकले होते. छिन्नीवर हातोडी जोरात मारली की जातं तडकतं. हातोडी वर नेऊन नुसती सोडली, तिच्या वजनाने पडू दिली, की खाच बरोबर पडते. पोरांच्या दांडूला त्यांनी तेच लावलं. एवढीच त्यांची लाठी. एवढाच त्यांचा कट.

आता ढगाळ दिवसांबद्दल. ऊन नसलं की आबा खळवाडीत यायचे, कडेच्या दगडावर बसायचे. आम्ही दहा-बारा जण समोर दंगा करत असायचो. ते शांतपणे म्हणायचे, "आज कोनीच आलं न्हाई."

"आबा, आमी हाव की!"

"आवाज यायलाय. मानसं न्हाईत."

पहिल्यांदा आम्हाला याची मजा वाटली. आम्ही त्यांच्या अगदी पुढ्यात जाऊन नाचलो, एकाने त्यांच्या टोपलीतली हातोडी उचलली. ते तसेच बसले. कोणीतरी यायची वाट बघत. मग एकेक जण गप्प झाला. तुम्ही कधी एखाद्या माणसासमोर उभे आहात आणि तुम्ही तिथे नाही आहात, अशी खात्री त्याच्या तोंडावर बघितली आहे का? आम्ही बघितली आहे. आम्ही घरी जाऊन आयांकडून अंगाला हात लावून घेतला.

दगडू माझा जोडीदार. रांगेत तिसरा तो, चौथा मी. त्याचं कोपर सगळ्यात वाईट, कोंबडीच्या पंखासारखं फडफडायचं. त्यामुळे आबांचा अंगठा सगळ्यात जास्त त्याच्याच वाट्याला. एका दुपारी आबांनी त्याच्या सावलीवर अंगठा टेकवला आणि लगेच उचलला. निखारा लागल्यासारखा.

"दगड्या, घरी जा."

"का वो आबा? म्या काय केलं?"

"तू कायबी केलं न्हाईस. हिला आज वजन न्हाई. जा, मायजवळ जाऊन नीज."

आम्ही हसलो. दगडू रुसून गेला. संध्याकाळी त्याला हिव भरलं, आणि पाचव्या दिवशी तो गेला.

मी हे शास्त्रात बसवून बघितलं आहे. ताप यायच्या आधी अंग सैल पडतं, हात लटपटतो, सावलीत ते दिसत असणार. आणि आयुष्यभर सावल्या बघणाऱ्याला ते आमच्याआधी दिसलं. बसतं. पुढचं बसत नाही.

पंधरा दिवसांनी आम्ही परत खळवाडीत जमलो. सवयीने त्याच रांगेत उभे राहिलो. तिसरी जागा रिकामी, कारण तिथे उभं राहायला कोणी धजेना. स्वच्छ ऊन होतं. आबा पहिल्यापाशी आले, दुसऱ्यापाशी आले. मग तिसऱ्या जागेपाशी थांबले. खाली बघितलं. मोकळ्या पांढऱ्या जमिनीवर अंगठा टेकवला.

"आता मार."

आम्ही दांडू छातीशी धरले.

"हां," आबा म्हणाले. "आता बसलं कोपर."

खळवाडीच्या पार पलीकडच्या टोकाला, जिकडे आमचे टोले पडायचे तिकडे, एक कुत्रं लोळत होतं. ते अंग चोरून उठलं आणि बाजूला सरकून बसलं. मग आबा माझ्यापाशी आले.

गावात बोभाटा झाला. आयांनी पोरं धाडायची बंद केली. गयाबाई तेवढी त्यांच्या बाजूने भांडली: "एक डोळा हाय त्येला, त्यो बी पानी गाळतोय! चुकला आसंल हिशोब, चार पोरांत पाच धरली!" पण गाव ऐकेना. मग एके दिवशी दगडूची आईच खळवाडीत आली. आबा एकटे बसले होते. आम्ही कुंपणाआडून बघत होतो. ती त्यांच्यासमोर उभी राहिली, पदर तोंडाला लावून. 

मग म्हणाली, "आबा, बरा खेळतो का?"

"लय बरा. आता सोडायला शिकलाय."

ती तिथेच बसली आणि रडली. उठून गेली ती सरळ, हलक्या पायांनी गेली. दुसऱ्या दिवशी तिने तिचं धाकटं पोरगं खळवाडीत पाठवलं. मग बाकीच्या आयांना काय बोलायला जागा राहिली?

मी मोठा झालो, आणि गाव सोडून सरहद्दीपलीकडे, निजामाविरुद्ध चळवळ करणाऱ्यांत जाऊन राहिलो. तिथे मी पत्रकं लिहायला शिकलो. वाक्य छोटं ठेवा. ऐकणाऱ्याचं रक्त तापलं पाहिजे. राज्यकर्त्याला झोप लागता कामा नये. मी चांगला शिकलो. परत आलो तेव्हा आबा आणखी वाकले होते आणि खळवाडीत नवी पोरं होती. मी कुंपणापाशी उभा राहून बघितलं: बारा पोरं एका रांगेत, बारा दांडू एका वेळी वर, बारा कोपरं बरगडीला चिकटलेली. माझ्या अंगावर काटा आला. आणि त्या काट्याचं मी काय केलं? पत्रक केलं.

ते पत्रक माझ्याजवळ आहे. त्यातला मजकूर असा: "चुडाव्याच्या पलीकडे एक म्हातारा आहे. त्याच्या छिन्नीने आजवर जात्यांना धार दिली. आता तो पोरांच्या हातांना धार देतो आहे. एकेक हात बसतो आहे. जुलमी राजवटीने ऐकावं: हे घाव चुकणार नाहीत."

मला ते फार आवडलं होतं. मी ते तीनदा मोठ्याने वाचलं. इटी-दांडू हा शब्द मी मुद्दाम घातला नाही. पोरखेळ वाटला असता.

करीच्या दुपारी जमादार आला, बरोबर दोन शिपाई आणि एक मुन्शी. मुन्शीच्या हातात माझं पत्रक. पोळ्याला बैलांना विसावा असतो आणि करीलाही आमच्याकडे कोणी गाडी जुंपत नाही. पण जमादाराने पहिल्या घरातून बैलजोडी काढायला लावली. रंगवलेली शिंगं, गळ्यात कालच्या माळा, तशीच गाडीला जुंपली.

आबा गयाबाईच्या दारात बसून तिच्या जात्याला टाकी लावत होते. जमादार त्यांच्यासमोर येऊन उभा राहिला. मागे सगळं गाव. आभाळ काळं, जमिनीवर कोणाचीही सावली नाही.

"ए बुड्ढे! लाठी सिखाता बोलते तू?"

आबांची हातोडी वर गेली आणि सुटली. टक. परत वर गेली आणि सुटली. टक.

"बहरा है क्या?"

"आवाज यायलाय," आबा गयाबाईला म्हणाले. "पन मानूस न्हाई कोनी."

जमादाराला वाटलं म्हातारा चेष्टा करतो. त्याने लाथेने टोपली उडवली. मुन्शीने पत्रक वाचून दाखवलं, आमच्या भाषेत, अडखळत. "हे घाव चुकणार नाहीत" हे त्याने दोनदा वाचलं. माझं वाक्य इतकं वाईट कधी ऐकू आलं नव्हतं.

"लाटी न्हाई सायेब," आबा आवाजाच्या दिशेने म्हणाले. "इटी. पोरं खेळत्यात."

"हत्यार किधर है?"

एका शिपायाने गर्दीतल्या पोराच्या हातातून दांडू ओढून घेतला. बोरीच्या लाकडाचा, माझ्या कोपरापासून बोटांपर्यंत येईल एवढा. मुन्शीने पंचनाम्यात लिहिलं: एक लाठी. ज्याला नेलं त्याचा उल्लेखच नाही. हे आम्हाला पुढे कळलं; तेव्हा कागद उर्दूत होता आणि तो कोणाला वाचून दाखवला नाही. चार पंच पुढे बोलावले. चौघांनी अंगठे दिले.

गयाबाई एकटी बोलली. "जमादारसायेब, ह्यो म्हातारा माजी कोंबडी हाकलू शकत न्हाई. राज्य काय हाकलतोय?"

कोणी हसलं नाही. मी तिसऱ्या का चौथ्या ओळीत उभा होतो. "पत्रक माझं आहे," हे तीन शब्द. मी पत्रकातून दुसऱ्यांना तोंड उघडायला सांगणारा माणूस. माझं तोंड उघडलं नाही.

आबांना दंडाला धरून गाडीत बसवलं. बसता बसता ते मागे वळून म्हणाले, "गयाबाई, आर्धं ऱ्हायलंय. उद्या येऊन पुरं करतो."

गाडी गेली. गयाबाईच्या जात्याला आजही अर्धीच टाकी लागलेली आहे. दुसऱ्या पाथरवटाला ती हात लावू देत नाही. पीठ अर्धं बारीक, अर्धं भरड निघतं, आणि ती तेच खाते.

पुढच्या पोळ्याला निजामी होती, आणि त्यानंतर थोड्याच दिवसांत ती संपली. तुरुंगांतून माणसं परत आली. आम्ही हार घेऊन चुडाव्याच्या स्टेशनावर गेलो. एकेक गाडी बघितली. आबा आले नाहीत.

मी त्या जमादाराच्या ठाण्यावर गेलो. कोणतं ठाणं ते मी अर्जात लिहिलं आहे, इथे लिहीत नाही. मुन्शी नवा होता, अदबीने बोलला. त्याने त्या महिन्याची वही माझ्यासमोर उघडली. करीच्या दिवशीचं पान होतं. त्यावर कोणीही आणल्याची नोंद नव्हती. आदल्या दिवशी नाही, पुढच्या दिवशी नाही.

"ऐसा कोई आदमी इधर आया नहीं," तो म्हणाला. "नाम क्या था उनका?"

मला नाव सांगता आलं नाही.

मी अंगणात आलो. उतरत्या दुपारचं पांढरं ऊन. दोरीवर सतरंजी टाकली होती आणि एक जुना शिपाई काठीने तिची धूळ झाडत होता. माझी पाठ त्याच्याकडे होती. धप. मग थोडी उसंत. धप. त्या उसंतीवरून मी थांबलो. वळलो. त्याचं कोपर बरगडीला चिकटलेलं होतं. मान हलत नव्हती. काठी वर जायची आणि तो ती सोडायचा.

त्याची सावली माझ्या पायांशी पडली होती. मी विचार करून काही केलं असं म्हणणार नाही. मी पाय पुढे केला आणि अंगठा त्या सावलीच्या कोपरावर टेकवला.

काठी वरच थांबली. त्याने मागे वळून बघितलं नाही. माझ्याकडे पाठ ठेवूनच, अगदी हळू आवाजात म्हणाला, "बाबा?"

मग तो वळला आणि मला बघितलं. तो तिथेच जमिनीवर बसला. त्याने सांगितलं ते मी जसंच्या तसं लिहितो.

"सुबह की धूप आती थी कोठडी में, जाली में से. मैं उस बूढ़े को मारता था. वो मेरी तरफ नहीं देखता था, जमीन को देखता था. बोला, बेटा, कोपर बाहर जाता तेरा. मैं हँसा. दूसरे दिन फिर वही बोला. गुस्से में नहीं बोला साहब, जैसे अपने बच्चे को बोलते. तीसरे दिन मैंने कोपर अंदर लिया."

"फिर?"

"फिर मार बराबर लगी."

तो स्वतःच्या हाताकडे बघत राहिला.

"बोला, शाबास. अब छोड़ना आया तेरे को."

"उसके बाद?"

"उसके बाद मेरे को दूसरे काम पे लगाए. मैं पूछा नहीं." त्याने काठी माझ्यापासून दूर सारली. "तब से दूसरा हातच नहीं आता मेरे को. कपड़ा धोता तो वैसाच. लकड़ी फोड़ता तो वैसाच. पीछे कोई खड़ा रहता, ऐसा लगता."

मी म्हणालो, हे लिहून द्या. तो उठून उभा राहिला, सतरंजी काढली, घडी घातली. "बच्चे हैं," म्हणाला, आणि आत गेला.

म्हणजे आबा त्या ठाण्यात पोहोचले होते. तीन दिवस तरी जिवंत होते. तिथे त्यांना मारलं. आणि वही म्हणते, असा कोणी माणूस आलाच नाही.

मी अर्ज केला. माझा जबाब त्याला जोडला: पत्रक मी लिहिलं, खोटा डौल मी मिरवला, आणि त्या दुपारी गप्प मी उभा राहिलो. त्याची जी शिक्षा असेल ती मला द्या. अर्जावर उत्तर आलं आहे. नाव नाही, नोंद नाही, तेव्हा असा इसम अस्तित्वात होता याला पुरावा काय? शिपाई काठी कशी फिरवतो, हा पुरावा कचेरी घेत नाही. गयाबाईने अंगठा दिला. कचेरी म्हणते, पंचनाम्यात ही बाई नाही.

पंचनाम्यात चौघं आहेत. मी तुमची नावं इथे छापत नाही. तुमच्यापैकी दोघांची पोरं शाळेत जातात, ती चौघांना वाचून दाखवतील. तुम्ही तेव्हा भ्यालात, मीही भ्यालो. तुम्ही न वाचलेल्या कागदावर अंगठा दिलात. मी न विचार करता कागद लिहिला. त्या बाबतीत मी तुम्हाला एक शब्द बोलणार नाही. पण आता जमादार पळाला आहे, आणि तुम्ही अजून गप्प आहात. तुमच्यापैकी एकाची ती बैलजोडी होती. त्यानेच गाडी हाकली. ती कोणत्या दारासमोर थांबली, आबांना कोणी उतरवून घेतलं, दार कोणी लावलं, हे त्याने बघितलं आहे.

येत्या सोमवारी मी तहसील कचेरीच्या पायरीवर बसलेला असेन. कचेरी उघडल्यापासून बंद होईपर्यंत. तुम्ही चौघं या. तुमचे शेजारी असतील त्यांनी तुम्हाला घेऊन यावं, यायला पाय ओढत असतील तर ओढून आणावं. आत जाऊन, मोठ्याने, सगळ्यांना ऐकू जाईल असं सांगा: आम्ही त्या माणसाला गाडीत बसवताना पाहिलं, आमच्यातल्या एकाने त्याला ठाण्याच्या दारात उतरताना पाहिलं, आणि तो जिवंत होता.